गबदूचा घरातला चेहरा

गेली अठरा वर्षं मी लोकांचे फोटो नाकारण्याचं काम करतो. ओळखपत्रांच्या कचेरीतली खिडकी क्रमांक चार माझी. अर्जावर चिकटवलेला फोटो आणि काचेपलीकडे उभा असलेला माणूस एकच आहेत की नाहीत, हे मी ठरवतो. माणूस बहुतेक वेळा तोच असतो, फोटो मात्र चुकीचा असतो. कान झाकलेला, मान तिरकी, मागे पडद्यावरची फुलं, ओठांवर हसू. मग मी लाल शिक्का उचलतो, ‘छायाचित्र अस्पष्ट, परत’ असा ठसा उमटवतो आणि ‘पुढचे’ म्हणतो. लोक गयावया करतात, पण मी बधत नाही. माझ्या माघारी कचेरीत मला ‘परतवाले’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतंही. फोटो कसा असावा हे मला कोणी शिकवू नये, अशी माझी ठाम समजूत होती. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी ती समजूत मला टेबलाखाली घेऊन गेली.

निमित्त झालं गबदूचं. गबदू हा आमच्या पाच वर्षांच्या लेकीचा कापडी प्राणी. कुठला प्राणी ते विचारू नका. बायकोच्या मते ते अस्वल आहे, माझ्या आईच्या मते वासरू, मेव्हण्याच्या मते कुत्रा आणि लेकीच्या मते गबदू. त्याला एका बाजूला काळ्या बटणाचा डोळा आहे, दुसऱ्या बाजूला नुसता दोरा. डावा कान चोखून चोखून उजव्याच्या निम्मा झालेला. पोटावरची लव पार झिजून खालचं विणकाम दिसायला लागलेलं, आणि बगलेतून कापूस डोकावणारा. तो कापूसच नडला.

लेकीचा खोकला तीन आठवडे हटेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मग तिच्या कुशीतल्या गबदूकडे पाहिलं, त्याला दोन बोटांनी दाबलं आणि स्वतःच शिंकल्या. “याच्या पोटात पाच वर्षांची धूळ आहे,” त्या म्हणाल्या. “एक तर हा घरातून गेला पाहिजे, नाहीतर याच्यातला कापूस.” लेक खुर्चीवरून उतरली, गबदूला फ्रॉकच्या आत घातलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, मला समजूत तरी घालता आली असती.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक शिंपीकाका बसतात. पॅन्टा आखूड कर, चेन बदल, अशी कामं करतात. त्यांनी गबदूला उलटापालटा करून पाहिलं. “उसवतो, धुतो, वाळवतो, नवा कापूस भरतो. सोमवारी सकाळी द्या, संध्याकाळी न्या. पण एक सांगून ठेवतो. पोट रिकामं झालं की चेहरा मोडतो. मग मी आपला माझ्या अंदाजाने भरणार. आधीचाच चेहरा हवा असेल तर फोटो द्या, त्याबरहुकूम भरीन.”

लेक पुढे झाली. “फोटो चुकला तर दुसराच कोणीतरी होऊन येईल?”

शिंपीकाका खोटं न बोलणारे गृहस्थ आहेत. ही सवय लहान मुलांशी बोलताना जरा बाजूला ठेवावी, असं माझं मत आहे. ते म्हणाले, “होऊ शकतं.”

झालं. जिना चढता चढता अटी ठरल्या. पहिली अट, फोटो गबदूच्या घरातच काढायचा. गबदूचं घर म्हणजे माझ्या लिहिण्याच्या टेबलाखाली, कपाट आणि भिंत यांच्यामधली कोपऱ्यातली जागा. पुढून जुनी जाड चादर सोडलेली. आत भर दुपारीही अंधार असतो. मी म्हटलं, “अगं, खिडकीपाशी घेऊ या ना त्याला. दोन मिनिटांत होईल.”

“नाही. बाहेर त्याचा चेहरा वेगळा असतो.”

“वेगळा म्हणजे कसा?”

“पाहुणे आले की तुझा होतो तसा.”

बायको मागून हसली. मी पुढची अट विचारली. दुसरी अट, फ्लॅश मारायचा नाही. वाढदिवसाला मामाने फ्लॅश मारून गबदूचा फोटो काढला होता आणि त्याच संध्याकाळी त्याचा डोळा पडला होता. दोरा झिजला होता म्हणून पडला, हे मी परोपरीने समजावून सांगितलं. “मग फ्लॅशच्या आधी का नाही पडला?” असं विचारून तिने ती अट कायम केली. दिवा लावायचा नाही, बॅटरी मारायची नाही, चादर पूर्ण वर करायची नाही. तिसरी अट, कुठला फोटो बरोबर ते तीच ठरवणार. शाळेला अचानक सुट्टी मिळाली म्हणून मागे एकदा ही मुलगी दिवसभर खिडकी क्रमांक चारपाशी माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. त्या दिवशी ती चित्रं काढत होती असं मला वाटलं होतं.

रविवारी जेवणं आटोपल्यावर मी मोबाइल घेऊन पालथा पडलो. कंबरेपर्यंत टेबलाखाली, बाकीचा मी बाहेर. पहिला फोटो निघाला तो सबंध काळा. लेकीने मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “चेहरा अस्पष्ट,” ती म्हणाली, “परत.” दुसऱ्या फोटोत मी उजेड वाढवला तर गबदूवर कोणी मूठभर वाळू फेकल्यासारखं दिसायला लागलं. परत. तिसरा हलला. चौथ्यात कान कापला गेला. पाचव्यात गबदू बरा आला होता, पण ती म्हणाली, “हा हसतोय. तो हसत नाही.” मी म्हटलं, अगं, त्याला तोंडच नाही, तिथे नुसता एक टाका आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर मी नेमकी कुठे पाहिली आहे ते मला आठवेना. बायकोला आठवलं. “तुझी आहे ती,” ती वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली.

आमच्या घराचं दार रविवारी उघडं असतं, आणि उघड्या दारातून माझे अर्धे पाय दिसत होते. त्यामुळे समोरचे मोजणीकाका आत आले. हे सरकारी भूमापक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे ते आधी एक डोळा मिटून बघतात. माझ्या पायांकडेही त्यांनी तसंच पाहिलं. प्रकरण ऐकून ते जमिनीवर बसले.

“अंधार आहे म्हणजे प्रकाश नाही, असं नसतं,” ते म्हणाले. “प्रकाश आहे, हळू येतोय. आपण त्याला वेळ द्यायचा. मोबाइलचा डोळा एकदम उघडून मिटायचा नाही, दहा सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात कोणी हलायचं नाही. तुम्ही नाही, मोबाइल नाही, तो प्राणीही नाही.”

“तो हलत नाही,” मी म्हटलं.

“कधीकधी हलतो,” लेक म्हणाली. मोजणीकाकांनी ती नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

मग ते घरी जाऊन मोजणीची तिपाई घेऊन आले. ती उघडल्यावर टेबलापेक्षा उंच निघाली. ती परत गेली आणि पाणसळ आली. माझे नियमांचे चार जाड ग्रंथ एकावर एक रचून त्यावर मोबाइल उभा केला गेला. काकांनी पाणसळ लावून ते ग्रंथ समपातळीत असल्याची खात्री केली. इतकं करून त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाल्कनीत पांढरी चादर टांगा. तिच्यावर पडलेलं ऊन मऊ होऊन आत येईल. दिवाही नाही, फ्लॅशही नाही. कोणाच्याही अटीत बसतं.” लेकीने विचार केला आणि परवानगी दिली.

चादर टांगून पाच मिनिटं होतात न होतात तोच सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. “दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायला मनाई आहे. ठराव अकरा.”

“ही वाळत नाहीये,” मी टेबलाखालून म्हटलं. “कोरडीच आहे.”

“मग टांगली कशाला?”

“प्रकाशासाठी.”

“चादरीने प्रकाश अडतो,” ते म्हणाले, आणि वर म्हणाले, “अर्ज द्या.”

आयुष्यात हजारो लोकांना ‘अर्ज द्या’ म्हणालेला माणूस मी. अंगावरची धूळ झटकून बसलो आणि लिहिलं: गबदू यांचे छायाचित्र काढण्यासाठी चादर टांगण्याची परवानगी मिळावी. सेक्रेटरींनी वाचलं. “हे गबदू कोण? भाडेकरू ठेवलाय का?” मी ‘कापडी खेळणे’ असा खुलासा घातला. मग वेळ किती ते लिहिलेलं नव्हतं. मग चादरीची मापं नव्हती. ती मोजणीकाकांनी हौसेने घेतली, तिन्ही दिशांनी. मग तारीख राहिली होती. प्रत्येक वेळी सेक्रेटरी कागद माझ्याकडे सरकवत आणि न रागावता म्हणत, “एवढं करून परत आणा.” अठरा वर्षांत मी इतक्या शांतपणे कोणाचाही अर्ज परत केलेला नाही. पाचव्या खेपेला चार वाजेपर्यंतची परवानगी मिळाली. तोवर तीन वाजून गेले होते.

लेक आत गबदूशेजारी जाऊन बसली. आता फक्त फोटो काढायचा राहिला होता, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू आल्या. मनाने फार चांगल्या, पण त्यांना मनातलं मनात ठेवायची सवय नाही. खाली वाकून त्यांनी टेबलाच्या चादरीची कड उचलली. “एवढा कसला तमाशा? लाव की दिवा. चिंध्यांचा तर आहे, त्याला काय कळतंय.”

काकूंच्या हातून चादरीची कड सुटली, ती आतून ओढली गेल्यामुळे. मग टेबलाखालून आवाज आला, “आज बंद आहे. उद्या या.”

उद्या म्हणजे सोमवार, सकाळी गबदू शिंपीकाकांकडे जायचा. मी गयावया केली. मोजणीकाकांनी चार वाजायला किती मिनिटं उरली ते सांगितलं. कशाचा काही उपयोग होईना. “त्याने ऐकलंय,” आतून उत्तर आलं, आणि त्या आवाजात रडू होतं. पुढे म्हणाली, “उद्या त्याला उसवणार आहेत. आज त्याला असं बोलायचं नाही.”

काकू गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वर्षानुवर्षं खाली बसलेल्या नाहीत. त्या भिंतीला धरून धरून बसल्या, जमिनीवर हात टेकले आणि चादरीशी तोंड नेऊन म्हणाल्या, “गबदोबा, चुकलं बाबा माझं. मला माहीत नव्हतं तुझं उद्याचं.” त्यानंतर चादर वर झाली. काकूंना उठवायला आम्ही तिघं लागलो, पण त्या गेल्या नाहीत. भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या आणि दहा सेकंद श्वास रोखायचा सराव करू लागल्या.

पुढच्या अर्ध्या तासाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्यात माझी शोभा नाही. सहावा फोटो फ्रिज गुरगुरल्यामुळे हलला. सातव्याला वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवलं. आठव्याला मी शिंकलो आणि माझं डोकं टेबलाला खालून असं आपटलं की वरची शाईची बाटली लवंडली. नववा स्वच्छ आला, पण बटणाच्या डोळ्यात माझं प्रतिबिंब होतं. “तू आत दिसतोयस. परत.” सेक्रेटरी दारात उभे राहून घड्याळ बघत होते. नंतर तेही चपला काढून आत आले आणि फ्रिजचं बटण बंद करून त्यापाशी उभे राहिले.

दहाव्या वेळी मोजणीकाकांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. एक. खोलीत पाच मोठी माणसं आणि कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता. चार. अंधारात मला गबदू जेमतेम दिसत होता, त्याच्या बाजूला लेकीचे गुडघे. सहा. काहीतरी हललं असं वाटलं, पण मी मान वळवली नाही. दहा.

फोटो उघडला. गबदू जसाच्या तसा आला होता. दोऱ्याचा डोळा, निम्मा कान, एका बाजूला कललेलं डोकं, न हसणारा टाका. आणि त्याच्या पोटावर धुरासारखा फिकट, अर्धा पारदर्शक हात. पाच छोटी बोटं.

“अरेरे,” मी म्हटलं. “हा गेला. तुझा हात आलाय मध्ये.”

“तो घाबरला होता,” लेक म्हणाली. “दहा म्हणजे खूप असतात. मी हात ठेवला, मग तो नीट बसला.” तिने मोबाइल जवळ घेऊन नीट पाहिला. “हाच. हा बरोबर आहे.”

माझ्या खिडकीवर तान्ह्या बाळांचे फोटो येतात. बाळाची मान धरत नसते, म्हणून मागून कोणीतरी धरलेलं असतं, आणि कोपऱ्यात बोटं दिसतात. नियमात बसत नाही. ‘हात दिसतोय, परत.’ किती परत केले ते मी मोजलेलं नाही. पण त्यातल्या एकाही हाताकडे मी हात म्हणून पाहिलं नव्हतं, हे मला तिथे पालथा पडल्या पडल्या कळलं आणि फार वाईट वाटलं. बाहेर काकू टाळ्या वाजवत होत्या. मी जरा वेळ टेबलाखालीच थांबलो.

संध्याकाळी फोटो छापून आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “पोटावरचा हा डाग काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे.” मी त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त चिडलो.

सोमवारी सकाळी शिंपीकाकांनी फोटो हातात घेतला, चष्मा लावला. “हे काय धुरासारखं?”

“माझा हात,” लेक म्हणाली. मग तिने गबदूला काउंटरवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, “त्याला कात्री दाखवू नका.” काकांनी शेजारची कात्री उचलून कापडाखाली सरकवली.

त्या दिवशी कचेरीत एक बाळ आलं. नियम मला बदलता येत नाहीत. पण मी खिडकी बंद करून बाहेर गेलो आणि बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून फोटो कसा घ्यायचा, ते त्या आईला बाकावर प्रत्यक्ष दाखवलं. रांग कुरकुरली. साहेबांनी कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं नाही, ते कागदावर मांडण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी लेक शाळेचं दप्तर पाठीवर घेऊनच शिंप्याच्या दुकानात उभी होती. काकांनी पिशवीतून गबदू काढला. स्वच्छ, गुबगुबीत, ताठ बसणारा, दोऱ्याच्या जागी नवं बटण लावल्यामुळे दोन डोळ्यांचा कोणीतरी. मी खिशातली फोटोची दुसरी प्रत काढून ताडून पाहिलं. आमच्या खिडकीवर आला असता तर मी निःसंशय परत पाठवला असता. लेक बघायलाच तयार नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले होते. “इथे नको,” ती म्हणाली. “पिशवीत घाल.”

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोटावर लावायला सारखंच कापड मिळालं होतं. लावणार होतो, फार झिजलंय ते. मग फोटो पाहिला. जिथे तिचा हात आहे तिथे मी काही केलेलं नाही. नुसतं धुतलंय.”

घरी आल्यावर ती पिशवीसकट टेबलाखाली गेली. चादर खाली आली. बायको कामावरून नुकतीच आली होती, ती पर्स न ठेवता तशीच उभी राहिली. मी जमिनीवर बसलो, हातात फोटो. आतून कापडावरून हात फिरल्याचा आवाज येत होता. पुन्हा पुन्हा, एकाच जागेवर. दुसराच कोणी निघाला तर काय करायचं, याचा मी काहीही विचार केलेला नव्हता, आणि आता मला दुसरं काही सुचतही नव्हतं.

“बाबा,” बऱ्याच वेळाने आवाज आला. “तोच आहे.”

बायकोने पर्स खुर्चीवर ठेवली. मी चादरीशी वाकलो. “फोटो नको का ताडून बघायला?”

“अंधारात फोटो कसा दिसेल?” ती म्हणाली. मग मायेने, “तुला ओळखू येत नसेल तर तुझ्याजवळ राहू दे.”

“नाही येत ओळखू,” मी कबूल केलं.

चादरीच्या खालून एक छोटा हात बाहेर आला. त्याने चाचपडत माझी बोटं धरली, माझा हात आत ओढला आणि मऊ, नव्या कापसाने फुगलेल्या पोटावर नेऊन ठेवला. तिथे लव नव्हती. विणकाम हाताला लागत होतं, उबदार, झिजून झिजून गुळगुळीत झालेलं.

“इथे,” ती म्हणाली. “दहा मोज.”

मी मोजले. तोच होता.